जोडलेले इम्प्लांट घेताय? आधी खालून ब्रश जातो का बघा

शेजारशेजारी दोन-तीन इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले स्क्रू, त्यावर दाताची कॅप) असले की प्रश्न येतो, कॅप सुट्या करायच्या की जोडून. जोडून म्हणजे स्प्लिंटिंग, हाडातले स्क्रू वेगळेच राहतात, वरच्या कॅप तेवढ्या एकसंध असतात, त्यामुळे चावतानाचा जोर वाटला जातो.

सगळ्यांना लागतंच असं नाही हं. हाड मऊ असेल (वरच्या जबड्यात मागे बऱ्याचदा असतं), इम्प्लांट आखूड असतील किंवा झोपेत दात खायची सवय असेल तर जोडलेले बरे. हाड घट्ट असेल तर मी सुट्याच म्हणेन, साफ करायला सोप्या आणि एकीचा तुकडा उडाला तर तेवढीच बदलायची. डॉक्टर इम्प्लांट आपल्या खऱ्या दाताला जोडू म्हणाले तर मात्र दुसरा पर्याय विचारा, कारण खरा दात मुळाशी किंचित हलतो, इम्प्लांट हाडाला चिकटलेला असतो, मग जोर नीट वाटला जात नाही आणि कधीकधी दात आत दबत जातो.

शक्य असेल तर सिमेंटऐवजी स्क्रूने बसणाऱ्या कॅप मागा. सिमेंट हिरडीखाली राहिलं की तिथे इन्फेक्शन होऊ शकतं, शिवाय स्क्रूवालं काढून दुरुस्त करता येतं. ट्रायलला जोर न लावता बसलं पाहिजे, स्क्रू आवळताना ताण जाणवला तर गप्प बसू नका, लगेच सांगा, फ्रेम (जोडलेल्या कॅपचा आतला सांगाडा) कापून परत जोडता येते. आणि त्याच दिवशी आरसा घेऊन इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) कॅपच्या खालून घालून बघा, जात नसेल तर तिथेच डॉक्टरांकडून कॅप घासून जागा करून घ्या, फायनल झाल्यावर कोण करतंय.

आता टिकतात किती? दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. स्वीडनच्या डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये ज्या पहिल्या पेशंटला बसवले त्याचे तर चाळीस वर्षांवर, मरेपर्यंत टिकले. कॅपचं आयुष्य त्यापेक्षा कमी, 10-15 वर्षांत बदलायची तयारी ठेवा.

पण जोडलेल्यात एक गोची आहे. सुटा इम्प्लांट सैल झाला की कॅप हलते, आपल्याला कळतं, जोडलेल्यात शेजारचे त्याला धरून ठेवतात आणि दुखत तर बहुतेक नाहीच, त्यामुळे हाड झिजत जातं तरी आपण मजेत चावत असतो. म्हणून ब्रश करताना रक्त आलं, हिरडी सुजली, वास यायला लागला तर थांबू नका. एरवीही सहा महिन्यांनी दाखवा, मध्ये मध्ये एक्स-रे काढा आणि पहिल्या दिवसाचा एक्स-रे जपून ठेवा, नाहीतर हाड किती खाली गेलं हे कशाशी ताडून बघणार?

रोज रात्री कॅपच्या खालून इंटरडेंटल ब्रश किंवा सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, मध्ये फुगीर दोरा) फिरवायचाच, पाण्याचा फ्लॉसर जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नाही. सिगारेट सोडा, शुगर असेल तर ताब्यात ठेवा, आणि दात खात असाल तर नाईट गार्ड तोंडात घालूनच झोपा, डबीत ठेवून नाही.