संप्रेरके रोखणारे इंजेक्शन आणि मनःस्थिती: नोंद कशी ठेवावी

एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील गाठी) किंवा स्तनाचा कर्करोग यांसाठी ल्युप्रोलाइड अथवा गोसेरेलिनचे इंजेक्शन सुचवले गेले असेल, तर मनःस्थितीची रोजची नोंद पहिल्या इंजेक्शनच्या आधीच सुरू करावी. दोन पाळीचक्रांची नोंद उत्तम. उपचार लांबवता येत नसतील तर हाती असलेले आठ दिवसही उपयोगी पडतात. चिंता मूळची किती आणि औषधाने आलेली किती, हे नंतर नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही.

ही औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या, अंडाशयांना संप्रेरके बनवण्याचा इशारा देणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला आधी चेतवतात आणि मग गप्प बसवतात. त्यामुळे सुरुवातीचे एक-दोन आठवडे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढते आणि त्यानंतर ते रजोनिवृत्तीच्या पातळीपर्यंत उतरते. या दोन टप्प्यांच्या नोंदी वेगळ्या वाचाव्यात. इस्ट्रोजेनचा मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाशी संबंध आहे, तर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकापासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतील, मन शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर काम करते. काही स्त्रियांमध्ये मात्र तेच चिडचिड वाढवते.

म्हणूनच रक्तातील पातळी मोजून मनाचा अंदाज बांधू नये. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पाळीपूर्वी तीव्र मानसिक त्रास होणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना ल्युप्रोलाइडने आराम पडला आणि इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर त्रास परतला. ज्यांना असा त्रास नव्हता, त्यांच्या मनःस्थितीत तीच संप्रेरके देऊनही फरक पडला नाही. माझ्या मते यातून घ्यायचे ते एवढेच की, मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही.

नोंद रात्री झोपण्यापूर्वी करावी आणि चिंता, उदासी व चिडचिड यांना एक ते सहा असे गुण द्यावेत. झोप आणि अंगातून येणाऱ्या गरम वाफा वेळेसह लिहाव्यात, कारण नेमका घोटाळा इथेच होतो. ‘तीन वाजता घामाने जाग, छातीत धडधड, पुन्हा झोप नाही, सकाळपासून भीती’ अशी ओळ लिहिलेली असली, तर धडधड आधी आणि भीती नंतर, हा क्रम डॉक्टरांना दिसतो आणि उपचार मनावर करायचा की वाफांवर, हे ठरवणे सोपे जाते.

नोंद दाखवताना अल्प मात्रेत संप्रेरके जोडून देता येतील का, हे विचारावे. एंडोमेट्रिऑसिसमध्ये हाडांची झीज रोखण्यासाठीही तसे करतात. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात मात्र हा मार्ग सहसा टाळला जातो. टॅमोक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध चालू असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे यकृतात त्याचे सक्रिय रूप तयार होण्यात अडथळा आणतात. इंजेक्शन परस्पर थांबवू नये. पण जीव नकोसा झाल्याचे विचार आले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.