साताऱ्यात बागरचनेचा व्यवसाय: अंदाजपत्रकाची सुरुवात पाण्यापासून

बागरचनेचा व्यवसाय केवळ नफ्यासाठी न करता काही उद्देश ठेवून करायचा असे ज्याने ठरवले आहे, त्याने तो उद्देश आधी एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यामुळे आपल्याला कोणते काम नाकारावे लागेल हे तपासून पाहावे. ‘निसर्गाची सेवा’ या शब्दांमुळे कोणतेही काम नाकारावे लागत नाही, त्यामुळे ते भेटकार्डावर शोभतात, पण धंद्यात उपयोगी पडत नाहीत. आमचे वाक्य साधे आहे: तिसऱ्या उन्हाळ्यात जिच्यासाठी टँकर मागवावा लागणार नाही, अशीच बाग आम्ही करू. या वाक्यामुळे पहिल्या दोन वर्षांत काही मोठी कामे हातची गेली, हे कबूल केले पाहिजे.

सातारा जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. त्यामुळे पाचगणीच्या बंगल्यासाठी काढलेला आराखडा माणमधल्या दहिवडीत वापरणारा रचनाकार ग्राहकाची फसवणूकच करत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

म्हणून ग्राहकासमोर चित्र ठेवण्याआधी पाण्याचा हिशेब ठेवावा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेत हिरवळ लावली आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला रोज ५ मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला सुमारे ५०० लिटर आणि दोन महिन्यांत ३०,००० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. दुसऱ्या बाजूला, १००० चौरस फुटांच्या छतावर वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ७४,००० लिटर पाणी मिळते. मात्र ते चार महिन्यांत येते आणि गरज नंतर लागते, त्यामुळे साठवण किती करायची आणि ती परवडणार का, हा खरा प्रश्न असतो. हे दोन आकडे वहीच्या एका पानावर शेजारी-शेजारी लिहून दाखवले की हिरवळीचा हट्ट बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. उरलेल्या वेळी आम्ही बसण्यापुरती दोनशे चौरस फुटांची हिरवळ मान्य करतो आणि मोरीचे पाणी अळू, केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडतो. आपल्या आज्यांनी परसात हेच केले होते. आम्ही फक्त त्याचे नकाशे काढतो.

जागेची पहिली पाहणी फुकट करू नये. पाहणीचे शुल्क घेतले तरच तेथे दोन तास थांबून नीट पाहणे परवडते, आणि घाईने केलेल्या पाहणीची किंमत मी मोजलेली आहे. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत मी बहाव्याची चाळीस रोपे लावली. खड्डे व्यवस्थित दोन-दोन फुटांचे घेतले आणि त्यांत भुसभुशीत लाल माती व शेणखत भरले. पुस्तकी पद्धतीने सगळे बरोबर होते. पण भोवतालच्या चिकण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा होईना, प्रत्येक खड्डा पाण्याने भरलेल्या घमेल्यासारखा झाला आणि ऑगस्ट संपेपर्यंत सव्वीस रोपांच्या मुळ्या कुजल्या. रोपे मी स्वखर्चाने बदलून दिली. तेव्हापासून प्रत्येक जागेवर दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात दोन बादल्या पाणी ओततो आणि पाणी किती वेळात जिरते ते घड्याळ लावून पाहतो. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर रोपे वरंब्यावर लावायची आणि करंज, जांभूळ, अर्जुन अशी पाणी सोसणारी झाडे निवडायची. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत हेच गणित उलटे होते. तेथे उताराला आडवे चर काढून पाणी मुरवल्याशिवाय कडुनिंब, बोर, हिवर, सीताफळ यांनाही पहिली दोन वर्षे जड जातात.

झाडांच्या निवडीबाबत एक मागणी साताऱ्यात हमखास येते: ‘आमच्या बागेत कासची फुले हवीत.’ पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत कास पठार आहे. तेथील बरीच फुले जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत, पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात वाढतात. सीतेची आसवं ही इवलीशी वनस्पती मातीतली कमतरता बारीक जीव पकडून भरून काढते; शेणखताच्या वाफ्यात तिला कोण विचारणार? टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. पठारावरून उपटून आणलेली रोपे घ्यायची नाहीत आणि लावायचीही नाहीत, हे आम्ही करारातच लिहितो. त्याऐवजी धायटी, कुडा, निर्गुडी, ताम्हण, पळस सुचवतो. ही रोपे आयत्या वेळी रोपवाटिकेत मिळत नाहीत, कारण रोपवाटिकावाला जे खपते तेच ठेवतो. म्हणून मागणी आदल्या पावसाळ्यात नोंदवावी आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही चौकशी करावी.

अंदाजपत्रकात रचना, साहित्य, मजुरी आणि देखभाल यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. जिवंत रोपांवर हा कर नाही, पण रचनेच्या सेवेवर आहे, त्यामुळे एकत्रित कंत्राटावर कर कसा लागेल हे सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावे. जागेवर जुने झाड असेल तर आराखडा त्याच्याभोवती वळवावा. नगरपालिका हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ चा कायदाच तसा आहे, आणि चाळीस वर्षांच्या झाडाची सावली कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

सर्वांत जास्त भांडणे देखभालीवरून होतात. ‘काम पूर्ण झाले’ म्हणून पैसे घेऊन निघून येणारा आणि दोन पावसाळे सांभाळणारा, या दोघांचे दर सारखे असू शकत नाहीत, हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगावे. आम्ही एकूण रकमेचा दहावा भाग दुसऱ्या दिवाळीपर्यंत ग्राहकाकडेच ठेवतो आणि रोपे जगल्यावर घेतो. या काळात माळ्याचा पगार मात्र दर शनिवारी चुकता करावा. आपले पैसे अडकले म्हणून त्याचे अडकवणाऱ्याने उद्देशाविषयी बोलू नये. माळ्याला आच्छादनही शिकवावे लागते: उसाचे पाचट चार इंच जाड पसरावे, पण वाळवी लागू नये म्हणून खोडापासून वीतभर लांब ठेवावे. हे पाचट आपल्याकडे शेतकरी पेटवून देतात, तेव्हा तोडणीच्या हंगामात ट्रॉली सांगून ठेवली की वाहतुकीच्या खर्चात काम भागते.

तिसऱ्या मे महिन्यात प्रत्येक जुन्या बागेत जाऊन यावे, बोलावणे नसले तरी. किती झाडे जगली, नळाचे पाणी किती लागले, टँकर आला का, एवढेच वहीत लिहावे. आमच्या वहीत मागच्या उन्हाळ्यात अकरा बागांपैकी दोघींसमोर ‘टँकर’ हा शब्द आहे, आणि नवीन ग्राहकाला वही दाखवताना मी ती दोन पाने आधी उघडतो.