चांदर, गोवा वेल्हा, हरवळे: भग्नावशेष पाहताना या चुका टाळा

पहिली फसगत नावातच होते. मध्ययुगात गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याची गोपकपट्टण राजधानी पाहायला निघालेले लोक हमखास जुन्या गोव्याच्या चर्चपाशी उतरतात. ती पोर्तुगीजांची राजधानी. गोपकपट्टण होते गोवा वेल्हा भागात, पिलारच्या टेकडीखाली, जुवारीच्या काठी. मॅपवर ‘ओल्ड गोवा’ न टाकता ‘गोवा वेल्हा’ टाका. आधी पिलारच्या सेमिनरीतले छोटे संग्रहालय बघितलेत, तर पुढे शेतांतले दगड ओळखता येतात.

त्याआधीची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर. अकराव्या शतकात कदंबांनी ती इथून गोपकपट्टणला हलवली. इथली चूक अशी, की पर्यटक ब्रागांझांचा वाडा बघून परततात आणि कुशावती नदीजवळचा कोट राहून जातो. तटबंदी, दरवाजे अशी अपेक्षा धरून कोटात गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. बघायचे ते जमिनीलगत: मंदिराचा विटांचा पाया आणि मुंडके उडालेला दगडी नंदी. पावसानंतर गवत कमरेपर्यंत वाढते, पाया त्यात बुडतो. डिसेंबर ते मार्च जा.

गोव्यातल्या लेण्यांत अजिंठा शोधू नका. हरवळे, लामगाव, रिवण सगळीकडे दगड जांभा. सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून खोल्या साध्याच. हरवळ्याला आत शिवलिंगे दिसली म्हणून ‘हे विहार (बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान) नव्हेच’ असा निकालही लगेच देऊ नका. मूळ लेणी बौद्ध की शैव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. विजेरी समोरून मारली की भिंत सपाट दिसते. ती भिंतीला चिकटवून तिरकी धरा, छिन्नीचे घाव उठून दिसतात. लिंगांची पूजा होते, तेव्हा चपला बाहेर. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते; गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून गेलात तर पडलातच समजा.

कोलवाळला बुद्धमूर्ती शोधत फिरू नका. 1930 साली इतिहासकार फादर हेरास यांना तिथल्या मुशीर वाड्यावर (वस्तीत) सापडलेली ती मूर्ती मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेत आहे.

हरवळ्याची लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. कोरलेली अक्षरे खडूने गिरवणे, भिंतीवर पाणी मारून फोटो काढणे टाळा. संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.