गावातल्या रिट्रीटची तयारी: मंडपाच्या आधी पापनिवेदनाचे फादर

ईस्टरआधीच्या उपवासकाळात गावच्या उपकेंद्रावर, म्हणजे फादर मुक्कामी नसलेल्या छोट्या कॅथलिक चर्चमध्ये, दोन दिवसांची रिट्रीट (प्रार्थना-प्रवचनांचं शिबिर) ठेवायची असेल तर आधी वही काढा आणि पहिल्या ओळीत लिहा: पापनिवेदन, म्हणजे माणसानं फादरांपाशी केलेली पापांची कबुली, ऐकायला फादर किती, कोण, आणि त्यांतले मराठी येणारे किती. मंडप, माइक, आचारी दुसऱ्या पानावर. मागच्या खेपेला आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. प्रवचनकार चांगले, गाणारी मंडळी तयार, जेवण पुरून उरलं, आणि पापनिवेदनाला फादर एकच, तेही हिंदीपुरते. रांगेतल्या म्हाताऱ्या बाया दुपारभर ताटकळल्या आणि चारची एसटी चुकू नये म्हणून तशाच उठून गेल्या.

प्रवचन मोबाइलवर ऐकता येतं, रोजरी घरी म्हणता येते, बायबल चुलीपाशी बसूनही वाचता येतं. पापनिवेदनाचं तसं नाही. फोनवर पापक्षमा मिळत नाही, त्यासाठी फादर समोर लागतात. आपल्या उपकेंद्रांवर फादर राहत नाहीत. ते मिस्सापुरते (ख्रिस्तशरीराच्या उपासनेपुरते) येतात आणि मिस्सा संपली की पुढच्या गावाला निघतात, कारण तिथेही लोक वाट पाहत असतात. गंभीर पापांचं निवेदन वर्षातून एकदा तरी करावं, असं चर्चच्या कॅनन कायद्याचं कलम 989 सांगतं. आपल्या लोकांना ते करायचं असतं, पण संधीच नसते. रिट्रीट म्हणजे ती संधी, आणि ती आपणच हुकवायची हे बरोबर नाही.

हिशेब सोपा आहे. साठ माणसं धरा, प्रत्येकाला पाच मिनिटं. एका फादरांना 5 तास लागतील, तिघांना पावणेदोनच्या आत. म्हणून तीन बोलवा. दोन मिळाले तर पापनिवेदन पहिल्या दिवशी संध्याकाळी सुरू करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि तिघांपैकी दोघांना तरी मराठी समजलीच पाहिजे. अचलपूरकडचा माणूस वऱ्हाडीत बोलतो, ब्रह्मपुरीकडचा झाडीबोलीत, मेळघाटातल्या आजीला कोरकूच जवळची. प्रवचन हिंदीत चालून जातं, मनातली बोच हिंदीत निघत नाही. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला कलम 990 मोकळीक देतं, आणि दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन असतं. पण ज्या गावात एकाच नळावर सगळे पाणी भरतात, तिथे शेजारणीला दुभाषी म्हणून बसवून कोण बोलेल? दुभाष्याचा विचार सोडा, मराठी येणारे फादर शोधा.

शोधायचे कुठे? विदर्भातल्या सगळ्या धर्मप्रांतांत. नागपूर आणि अमरावतीचे धर्मप्रांत आपल्याच लॅटिन विधीचे (उपासनेच्या परंपरेचे) आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हे जिल्हे सिरो-मलबार विधीच्या चांदा धर्मप्रांतात येतात. ‘ते आपल्या विधीचे नाहीत’ म्हणून कोणी अडून बसेल, त्याला कलम 991 दाखवा: अधिकृत कोणत्याही फादरांकडे, दुसऱ्या विधीच्या असले तरी, पापनिवेदन करायची मुभा प्रत्येकाला आहे. फक्त तारीख ठरवताना एक लक्षात असू द्या. आपला उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, सिरो-मलबार मंडळींचा त्याआधीच्या सोमवारी. त्या आठवड्यात त्यांना बोलावू नका.

फादरांना नाताळाच्या आधी विचारा. राखेचा बुधवार उजाडल्यावर फोन कराल तर सगळे आधीच गुंतलेले असतील. रविवार नकोच, रविवारी प्रत्येक फादर आपापल्या धर्मग्रामात (मुख्य चर्चमध्ये) बांधलेले. ‘बघतो, जमलं तर येतो’ हा होकार नव्हे. आठ दिवस आधी पुन्हा फोन, आदल्या संध्याकाळी पुन्हा, आणि आणायला कोणाची गाडी जाणार त्या माणसाचं नाव वहीत. हे सगळं अर्थात धर्मग्रामाच्या फादरांना विचारून, त्यांच्या पाठीमागे नाही.

जागा आधी जाऊन पाहा. चॅपलच्या मागे, कडुनिंबाखाली, गोठ्याच्या पलीकडे, जिथे बोललेलं रांगेपर्यंत पोचणार नाही अशी. दोन खुर्च्या समोरासमोर नको, तिरप्या ठेवा, मधे दोरीवर चादर, गुडघे टेकायला पोत्याची घडी. चादर नक्की लावा. तोंड न दाखवता बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. कमी ऐकू येणाऱ्यांना सगळ्यात लांबची जागा द्या. ते स्वतः मोठ्यानं बोलतात आणि अख्खी रांग ऐकते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. तेवढा वेळ स्पीकर बंद. भजन हवं असेल तर तोंडी, हळू. रांग सावलीत, बसायला सतरंजी, जवळ माठ. एसटीनं जाणाऱ्यांना पुढे घ्या. हे काम एका माणसाकडे द्या, त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नको.

आत्मपरीक्षणाचा कागद मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत छापा. वाचता न येणाऱ्यांसाठी पापनिवेदनाआधी माइकवरून सावकाश वाचा, प्रत्येक प्रश्नानंतर थांबा. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर आपल्या शब्दांत चालते, हे स्पष्ट सांगा. प्रार्थना येत नाही म्हणून लाजेनं मागे राहणारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत.

आता बाकीचं. तारीख शेतीकडे बघून ठरवा: हरभरा-गहू काढणीच्या ऐन दिवसांत शेतकरी येणार नाही, गोंदिया-गडचिरोलीकडे मोहफुलं पडायला लागली की पहाटे घर रिकामं. दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच सुमारास, म्हणून तरुण पोरं हवी असतील तर वेळापत्रक बघा. प्रवचनं सकाळी, दुपारी बारा ते तीन कोणाला बसवू नका. चौदा स्थानांची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थनायात्रा) उन्हं उतरल्यावर, शेताच्या बांधाबांधानं काढली तर उत्तम. क्रूस उचलायला प्रत्येक वस्तीतला एक माणूस घ्या, नेहमीचेच चार नकोत.

जेवणात शुक्रवारी मांस नाही. ज्वारीची भाकर आणि पातोडीची रस्साभाजी करा, कोणाला कमी वाटणार नाही. मिस्साच्या आधी चहा-पोहे वाटत बसू नका, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी 1 तास उपवास असतो. पाणी आणि औषध चालतं. ओस्ती (मिस्सातली पातळ भाकर) आणि मिस्साचा द्राक्षारस धर्मग्रामातून मोजून आणा.

परवानगी लेखी घ्या. पोलीस ठाण्यात अर्ज, पोलीस पाटलांना आणि सरपंचांना स्वतः भेटून सांगा. रात्री 10 नंतर स्पीकर नाही.

शेजाऱ्यांना बोलवायचं का? जरूर बोलवा, जेवायला आणि भजनाला. आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क राज्यघटनेचं कलम 25 देतं, आणि जबरदस्तीनं किंवा आमिष दाखवून कोणाला श्रद्धेत आणायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं) 1965 मध्येच सक्त मनाई केली आहे. दोन्ही गोष्टी स्वयंसेवकांना आधी समजावून सांगा. स्टेजवरून ‘आजार बरा होईल, गोळ्या सोडा’ असं कोणी बोललं तर माइक काढून घ्या. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कायदा नसता तरी हे पापच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, त्याला डॉक्टरकडेही न्या. श्रद्धा सांगायची तर आपल्या घरात काय बदललं ते सांगा. दारू सुटली, भावकीतलं बोलणं सुरू झालं, हे शेजाऱ्याला आधीच दिसलेलं असतं.

मुलांची वेगळी बैठक, धर्मशिक्षकाकडे. पहिलं पापनिवेदन असलेल्या पोरांना मोठ्यांच्या रांगेत उभं करू नका, आदल्या दिवशीच त्यांचं उरका. पुन्हा सांगतो, म्हणजे फादर आदल्या दिवशीच हजर हवेत.

संपल्यावर हिशेब त्याच रात्री, सतरंज्या मोजून परत. वस्तीनिहाय बायबल वाचनाचे गट करा, पाच-सहा घरं पुरेत. पहिल्या बैठकीचं घर आणि वार शेवटच्या मिस्सातच जाहीर करा. नंतर ठरवू म्हटलं की पेरणी येते आणि गट राहून जातो.