दोनशे डॉलरचं एस्प्रेसो मशीन: पैसे भरण्याआधी काय बघायचं

न्यू जर्सीहून भाच्याचा मेसेज आला, "मावशी, बघ ना जरा. घरच्या घरी कॅफेसारखी एस्प्रेसो, दोनशे डॉलरमध्ये. भरू का पैसे?" सोबत एका नव्या मशीनची लिंक, किकस्टार्टरवरची, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवरची. मी भोसरीत एकोणीस वर्षं प्लास्टिकच्या पार्टचे मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करतेय, आणि गेली आठ वर्षं ओट्यावरच्या एका जुन्या सेकंडहँड मशीनवर रोज सकाळी एस्प्रेसोचा शॉट, म्हणजे एका वेळची छोटी कडक कॉफी, काढतेय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते.

आधी हे स्वस्तात जमेल का? जमेल, असं माझं ठाम मत आहे. 18 ग्रॅम कॉफीतून 28 सेकंदांत 36 ग्रॅम शॉट काढायचा, म्हणजे सेकंदाला साधारण 1.3 ग्रॅम पाणी. ते 25 अंशांवरून 93 अंशांवर न्यायला चारशे वॉटसुद्धा लागत नाहीत. 9 बार दाबाला छोटा व्हायब्रेशन पंप पुरतो. बऱ्याच महागड्या घरगुती मशीनमध्येही तोच असतो. तापमान धरून ठेवायला पीआयडी कंट्रोलर लागतो, म्हणजे तापमान मोजत हीटर कमीजास्त करणारं सर्किट, तो तर आमच्या मोल्डिंग मशीनच्या एकेका हीटर झोनवर बसलेला असतो. रॅन्सिलिओ सिल्व्हिया या घरगुती एस्प्रेसो मशीनला हौशी मंडळी कित्येक वर्षांपासून घरी पीआयडी जोडत आली आहेत. तेव्हा कुणी दोनशे डॉलरचं बोलला की लगेच त्याला फसवा ठरवू नका.

दूध तापवायच्या वाफेचं गणित मात्र वेगळं आहे. 200 मिली दूध 5 अंशांवरून 60 वर न्यायचं तर 1200 वॉटच्या हीटरला, काहीही वाया न जाता, चाळीसेक सेकंद लागतात. कुणी छोट्या हीटरवर दहा सेकंदांत दूध तयार होतं म्हणत असेल तर तिथेच थांबा.

शंका घ्यायची ती कारखान्याबद्दल. अटलांटाच्या झेडपीएम एस्प्रेसोचं उदाहरण बघा. पीआयडी असलेलं स्वस्त घरगुती मशीन बनवायला त्यांनी किकस्टार्टरवर 20,000 डॉलर मागितले होते. जानेवारी 2012मध्ये मोहीम संपली तेव्हा दीड हजारावर लोकांनी मिळून सुमारे 3,70,000 डॉलर भरले होते. तीन वर्षांनी, जानेवारी 2015मध्ये, काम बंद करत असल्याचं कळवण्यात आलं. मशीन घरोघर पोचलीच नाहीत.

आता त्या पैशांचा हिशेब मांडा. माणशी साधारण 240 डॉलर. किकस्टार्टर 5 टक्के घेतं, शिवाय पैसे वळते करण्याचे 3 ते 5 टक्के. उरले 220च्या आतबाहेर. त्यात पंप, हीटर, सर्किट, पोर्टाफिल्टर (कॉफी भरायची दांड्याची वाटी), बॉडी, जोडणी, विजेच्या सुरक्षेच्या चाचण्या, खोकं, कुरिअर. आणि मोल्ड! समजा सगळ्या पार्टच्या मोल्डला मिळून 60,000 डॉलर लागले, तर दीड हजार मशीनवर ते प्रत्येकी 40 डॉलर बसतात. पंधरा हजार मशीन असती तर चारच बसले असते. एखादी मोहीम उघडलीत की भरलेली रक्कम भागिले माणसं, एवढा भागाकार पहिल्यांदा करा. रक्कम मोठी दिसते म्हणून हुरळून जाऊ नका, कारण जितके पैसे वाढतात तितकी बनवून द्यायची मशीनही वाढतात.

फ्लेअर नावाच्या एस्प्रेसो मशीननं 2016मध्ये किकस्टार्टरवरूनच सुरुवात केली आणि ते आज बाजारात आहे. ते हाताच्या दांड्याचं, त्यात ना पंप, ना हीटर, ना वायर. पार्ट जितके कमी तितकं पार पडायची शक्यता जास्त, म्हणून मोहिमेच्या पानावर पार्ट मोजा. बटणं, स्क्रीन, ॲप असं काही वाढताना दिसलं की माझा विश्वास कमी होतो.

आता माझ्या कामाची गोष्ट, फोटो कसे बघायचे. सप्टेंबर 2012पासून किकस्टार्टरवर अशा वस्तूंची संगणकावर रंगवलेली चित्रं चालत नाहीत, खरा नमुना दाखवावा लागतो. पण खरा नमुना म्हणजे तयार मोल्ड नव्हे. फोटो मोठा करा आणि पार्टची आतली किंवा खालची बाजू शोधा. थ्रीडी प्रिंटचा पार्ट असेल तर कडेच्या वळणावर बारीक थर दिसतात. मोल्डमधून निघालेल्या पार्टच्या आतल्या बाजूला इजेक्टर पिनचे, म्हणजे पार्ट मोल्डबाहेर ढकलणाऱ्या पिनांचे, गोल ठसे असतात, शर्टाच्या बटणाएवढे, आणि कडेनं मोल्डचे दोन भाग मिळतात तिथली केसाएवढी रेघ जाते. जाड रिबच्या (आतून आधाराला दिलेल्या पट्टीच्या) पाठीमागे हलका खळगा पडलेला दिसला तर तो सिंक मार्क. हे सगळं दिसलं म्हणजे मोल्डवर खर्च झालाय आणि पहिली ट्रायल निघालीये. तिथून पुढे दुरुस्त्या, पुन्हा ट्रायल, पुन्हा दुरुस्त्या, यात महिने जातात. फोटोत नुसता प्रिंट केलेला नमुना आहे आणि डिलिव्हरी चार महिन्यांत म्हणतात, तर त्या तारखेवर विसंबू नका.

मी स्वतः एकदा यात पोळलेय. अशाच एका मोहिमेत हातानं फिरवायचा ग्राइंडर घेतला. तो चौदा महिने उशिरा आला आणि आतला बर, म्हणजे बिया दळणारं दात्यांचं चाक, मध्यावर नव्हता. पूड एका घाण्यात रव्यासारखी आणि मैद्यासारखी, दोन्ही. मागचे फोटो काढून बघितले तर एकूणएक त्याच एका चकचकीत नमुन्याचे होते.

व्हिडिओत काय मागायचं? तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरनं, कपाखाली वजनकाटा ठेवून, न कापलेला एकच शॉट. लगेच त्यामागे दुसरा आणि तिसरा. पहिला 28 सेकंदांत आणि तिसरा 17 सेकंदांत येत असेल तर तापमान किंवा दाब हलतोय, फक्त दळण आणि डोस (कॉफीचं वजन) तिन्ही वेळी तेच हवेत. पोर्टाफिल्टरमधल्या बास्केटला, म्हणजे कॉफीच्या जाळीला, खाली एकच बारीक भोक असेल तर फेस त्या भोकातून येतोय, त्यावर जाऊ नका. "15 बार" हा पंपाचा कमाल आकडा आहे. कॉफीवर 9 कसे ठेवणार ते विचारा. तापमानही सेन्सर कुठे बसवलाय ते विचारून मगच माना, हीटरवरचे 93 अंश म्हणजे कॉफीवरचे 93 नव्हेत.

भारतात मागवणार असाल तर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचं मॉडेल लेखी मागून घ्या. अमेरिकेचा व्हायब्रेशन पंप 60 हर्ट्झवर चालतो; ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ मात्र आपले 50च राहतील. कस्टम ड्युटी धरा, चांगल्या ग्राइंडरचे पैसेही धरा. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षार काढायला मशीन उघडता येतं का तेही विचारा. माझ्या मशीनचा व्हॉल्व्ह मी दर पावसाळ्याआधी काढते तेव्हा त्यावर खडूसारखा पांढरा थर असतो.

भाच्याला म्हटलं, तीनच गोष्टी विचार: कपाखालचा ट्रे उलटा करून फोटो, सलग तीन शॉट, आणि दोन वर्षांनी पंप गेला तर सुटा मिळेल का. दहा दिवसांनी उत्तर आलं. व्हिडिओ होता, पंप कुठला ते लिहिलं होतं, आणि उलट्या ट्रेच्या फोटोत पिनचे ठसे स्पष्ट. वरच्या बाजूला एक ठळक सिंक मार्कही होता, आणि खाली त्यांनीच लिहिलं होतं की त्यासाठी मोल्ड दुरुस्तीला परत गेलाय, म्हणून डिलिव्हरी दोन महिने पुढे ढकलतोय.

"मावशी, हे तर खराब निघालंय," भाचा म्हणाला.

"पहिल्या ट्रायलला असंच निघतं रे," मी म्हटलं. "भर पैसे. माझंही एक सांग, 230 व्होल्टचं."