लेह-अंदमानला फॉरेक्स चार्ज लागतो का? कार्डाच्या या चुका टाळा

सुट्ट्यांची बुकिंग सुरू झाली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मला हा प्रश्न येतोच, की अगं आम्ही अंदमानला चाललोय, क्रेडिट कार्डावर फॉरेक्स चार्ज, म्हणजे परदेशी व्यवहाराचा जास्तीचा चार्ज, पडेल का? नाही पडणार. लेह, गंगटोक, अंदमान, लक्षद्वीप, सगळा भारतच आहे, तिथल्या हॉटेलातलं स्वाइप मशीन भारतातल्याच बँकेचं असतं आणि पैसे रुपयांतच कापले जातात. काही ठिकाणी परमिट लागतं म्हणून लोकांना ते परदेशासारखं वाटतं, पण परमिटचा आणि कार्डाचा काडीचा संबंध नाही.

आता याच्या बरोबर उलटी चूक, आणि माझा जीव खरा हिच्यावरच तुटतो. "आपण देशातल्या देशात फिरतोय ना, मग फॉरेक्सचं काही बघायलाच नको." तुम्ही कुठे उभे आहात हे बँक बघतच नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले तो व्यापारी कुठल्या देशात रजिस्टर आहे आणि व्यवहार कुठल्या चलनात झाला, एवढंच बघितलं जातं. घरच्या सोफ्यावर बसून लेहचं हॉटेल बुक केलंत आणि पैसे घेणारी कंपनी सिंगापूरची निघाली, की झाला तो परदेशी व्यवहार.

माझ्या मावसबहिणीचं हेच झालं. सासू-सासऱ्यांना घेऊन लेहला जायचं होतं, सहा रात्रींचं हॉटेल तिने एका अ‍ॅपवरून घेतलं, ४८,६०० रुपये, स्क्रीनवर किंमत रुपयांत, हॉटेल लेहमधलं, मालकही तिथलाच. निघायच्या तीन दिवस आधी बिल आलं, त्यात ४८६ रुपयांची एक वेगळी ओळ आणि तिच्याखाली ८७ रुपये ४८ पैसे जीएसटी. तिला वाटलं फ्रॉड झाला. मला फोन न करता, बँकेला न विचारता, तिने अ‍ॅपमधून कार्ड कायमचं ब्लॉक करून टाकलं. नवीन कार्ड कुरियरने घरी येणार आणि ही तोवर लेहला. तिचं सिम प्रीपेड, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे यूपीआय हॉटेलच्या वायफायपुरतं, आणि टॅक्सीवाल्याला द्यायला रोज सकाळी एटीएमच्या रांगेत. सत्तरीचे सासरे गाडीत बसून वाट बघतायत. परत आल्यावर तिने बिल माझ्यासमोर ठेवलं तर हॉटेलच्या व्यवहाराच्या ओळीत शेवटी सिंगापूर लिहिलेलं होतं. ते एक नाव वाचलं असतं तर सगळा त्रास वाचला असता.

ते ४८६ रुपये म्हणजे बिलाचा १ टक्का, आणि तो कशाचा, तर व्यवहार रुपयांत पण व्यापारी परदेशातला, यासाठी बऱ्याच बँका वेगळा चार्ज लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. व्यवहार डॉलर-युरोत झाला तर मार्कअप, म्हणजे चलन बदलून देण्याचा बँकेचा चार्ज, साधारण २ ते ३.५ टक्के, वर जीएसटी. म्हणजे ३.५ टक्केवालं कार्ड असेल तर १०,००० रुपयांच्या खर्चावर ३५० आणि ६३, असे ४१३ रुपये जास्तीचे.

यावर माझी सवय सांगते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू-बंद करायचा जो इंटरनॅशनल स्विच असतो, तो माझ्या कार्डाचा कायम बंद असतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नियम काढला, त्यानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतं, बाकीचं आपण अ‍ॅपमधून उघडायचं. लोक काय करतात, कार्ड हातात आलं की "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून सगळे स्विच उघडून ठेवतात. बंद ठेवला तर परदेशी कंपनीचं बुकिंग बहुतेक वेळा तिथेच फेल होतं, आणि तो फेल मेसेज म्हणजे मला मिळालेली सूचना असते. मग मी हॉटेलला फोन करते, थेट दर विचारते, किंवा हॉटेलवर पोचून पैसे द्यायचा पर्याय घेते. ओटीपी न मागता पैसे कटले तर तेही बरेचदा व्यापारी बाहेरचा असल्याचं लक्षण असतं. पण हे सगळं बघायला दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि दोनशे रुपयांच्या कूपनचा टायमर उलटा धावताना दिसला की कुणी थांबत नाही. तुम्ही थांबून काही वाचू नये म्हणूनच तो टायमर लावलेला असतो हो.

झिरो फॉरेक्स, म्हणजे मार्कअप न लावणारं, कार्ड घेऊन गोव्याला गेल्याने काहीही वाचत नाही, तिथे जे रिवॉर्ड जास्त देतं ते कार्ड न्या.

पेट्रोल पंपावरचा १ टक्का हा फ्युएल सरचार्ज, फॉरेक्स नाही. तिकिटावरची कन्व्हिनियन्स फीसुद्धा नाही.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, देशात नाही आणि बाहेरही नाही. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू, बिलाच्या तारखेची वाट बघत नाही.

परदेशात कार्ड वापरलं की २० टक्के टीसीएस, म्हणजे खर्च करतानाच गोळा केला जाणारा कर, हे अजून लोक छातीठोकपणे सांगतात. क्रेडिट कार्डाचा परदेशातला खर्च एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, आणायचं मे २०२३ मध्ये ठरलं होतं, पण २८ जून २०२३ ला सरकारनेच ते पुढे ढकललं.

खरंच देशाबाहेर गेलात तर मात्र मशीनकडे नीट बघा. दुबईत किंवा बँकॉकमध्ये मशीन विचारतं, रुपयांत देणार की तिथल्या चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपली माणसं पटकन रुपये दाबतात, आणि कधीकधी काउंटरवरचा माणूस न विचारता तेच दाबून मोकळा होतो. त्या रुपयांचा दर समोरच्याने ठरवलेला असतो, त्यात त्याचा नफा धरलेला, आणि घरी आल्यावर वरून बँकेचा तोच १ टक्का. मी दरवेळी तिथलंच चलन निवडते, आणि स्लिपवर रुपये दिसले तर सही करायच्या आधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावते. मागे रांग असली तरी.

आणि बुकिंग रद्द केलं की सगळे पैसे परत येतील असं धरून चालू नका. परकीय चलनातल्या व्यवहाराचा रिफंड ज्या दिवशी होतो त्या दिवशीच्या दराने येतो आणि मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत, त्यामुळे तारखा पक्क्या नसतील तर परदेशी साइटवर आधी पैसे भरूच नका.