रोपं नुसती उंच होऊन माना टाकतायत? टॉनिकची बाटली ठेवा बाजूला, आधी उजेड बघा

ग्रिलमध्ये मिरची-टोमॅटो लावलेत, रोपं भराभर उंच झाली, पण खोड एकदम किडकिडीत, जरा वारा आला की आडवी. मग शेजारच्या काकू म्हणतात युरिया घाल, नर्सरीवाला टॉनिक देतो. दोन्ही नको. कमी उजेडात युरियाने रोप अजूनच लुसलुशीत होतं, आणि टॉनिकमध्ये जिब्रेलिक ॲसिड असेल तर संपलंच, कारण ते खोड लांबवणारंच हार्मोन आहे. नाशिकवाले द्राक्षाचे मणी फुगवायला वापरतात ते ठीक. १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला दिसलं की एका बुरशीच्या स्रावानेच भाताची रोपं अशी ताडमाड वाढून कोलमडतात, जिब्रेलिनचा, म्हणजे जिब्रेलिक ॲसिड ज्यातलं आहे त्या हार्मोन-गटाचा, शोध तिथूनच लागला.

खात्री करायची असेल तर आधी दोन वाट्यांत मूग पेरा, एक वाटी बंद कपाटात, एक ग्रिलमध्ये. चार-पाच दिवसांत कपाटातले लांबलचक नि पिवळट दिसतील, बी तेच, माती तीच. अंधारात खोडाला एकच काम, उजेड सापडेपर्यंत लांबत राहायचं.

आता विरळणी. ही पायरी लोक हमखास टाळतात, जीवावर येतं ना रोपं काढायला! पण पानं लाल उजेड शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा लाल तसाच सोडतात. रोपातलं फायटोक्रोम नावाचं प्रोटीन या दोन्हीचं प्रमाण ओळखतं, म्हणजे सावली पडायच्या आधीच रोपाला कळतं की बाजूला गर्दी आहे, मग ऑक्सिन हे वाढीचं हार्मोन वाढतं आणि खोड शर्यतीला लागतं. म्हणून बीतून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की जादाची रोपं कात्रीने कापा, उपटलीत तर शेजारच्याची मुळं हलतात.

घोडबंदर रोडला किंवा खारघरला समोरच टॉवर असेल, वर जून ते सप्टेंबर ढग, तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वीतभर वर लावा, रोज १४ तास पुरे. महागडा जांभळा लाइट लागत नाही.

कुंडी एक-दोन दिवसाआड फिरवा. ऑक्सिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिकडच्या पेशी लांबतात नि खोड उजेडाकडे वाकतं. डार्विन आणि त्याच्या मुलाने १८८० मध्येच दाखवलं होतं की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं की तो वळतच नाही.

रोज रोपांवरून हलका हात फिरवा, दहा-वीस वेळा. हसू नका, स्पर्शाने किंवा वाऱ्याने खोड बुटकं नि जाड होतं, १९७३ मध्ये जॅफे या शास्त्रज्ञाने याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं भारदस्त नाव दिलं. पानं ओली असताना मात्र नको, रोग पसरतो.

तुळस, झेंडू, मिरची यांचा शेंडा सहा-आठ पानांवर खुडा. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन बाजूचे डोळे दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते फुटतात.

आणि जी आधीच लांबलीत ती? टोमॅटो असेल तर खालची पानं काढून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडा, त्या खोडालाच मुळं फुटतात. मिरचीला इतकं खोल नको, तिला काडीचा आधार द्या.